पाचवा दिवस माझा

नातीनं मोबाईल हातात धरून विचारलं, "आबा, कुठल्या दिवसाचं तिकीट काढू?"

"पाचव्या."

बाभळीला नारळ मागितल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. पुण्याच्या बाहेर महामार्गालगत मैदान आहे, तिथं कसोटी होती. उंब्रजवरनं पहाटेची गाडी धरली तर खेळ सुरू व्हायच्या आत माणूस पोचतो. पोरगी म्हणाली, "आबा, पाचवा दिवस होतच नाही आता. तीन दिवसांत खलास करतात. पहिल्याचं काढू. फार तर दुसऱ्याचं."

"मला शिकवू नगं. पाचवा दिवस माजा हाय."

"तुमचा म्हंजे? सातबाऱ्यावर नाव लागलंय का?"

नात तोंडाची फटकळ आहे, माझ्यावरच गेलीय. बडबडत का होईना, तिनं पाचव्याचं तिकीट काढलं आणि दुकानातनं कागदावर छापून आणून दिलं, कारण मोबाईलमधलं तिकीट मी तिकीट मानत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. चार ओळी लिहायला मला सकाळ लागते. तरी लिहायला बसलोय, कारण हा दिवस माझा कसा, हे जाणणारी पाच माणसं होती. त्यातली आता दोन उरलीत. एक मी. दुसऱ्याला दिसत नाही.

आमची पाच जणांची रानं एकाला एक लागून, नदीवरच्या एकाच मोटारीच्या पाण्यावर. सगळीकडं ऊस. आमच्यात सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या. त्यात मजुरी नाही न् हिशेब नाही. लावण असो, भांगलण असो, रात्रीची दारं धरायची असोत, म्हणजे पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीत वळवायचं असो, एकाचं काम अडलं की चौघं धावायचे.

पाचांनाही क्रिकेटचं वेड. मुंबईला कसोटी लागली की सगळ्यांचा जीव वरखाली व्हायचा. पण उसाला पाणी पाहिजे, जनावरांना वैरण पाहिजे. पाच दिवस घर सोडून मुंबईत बसणारा शेतकरी मी तरी बघितला नाही. तवा आमच्यातला एक, गावात सायकलचं दुकानही चालवणारा, मोटारीच्या खोलीत बसल्या बसल्या चेष्टेत बोलून गेला, "रानाची सावड हाय, मंग टेस्टची का नगं?"

चेष्टा चेष्टेत राहिली नाही. त्या वेळी कसोटीचं तिकीट पाचही दिवसांचं मिळून एकच असायचं, दिवसाला एक पान. मुंबईतला एक पाव्हणा रांगेत उभा राहून ते मिळवायचा. आम्ही एकच घ्यायचो आणि पाच पानं फाडून पाच जणांत वाटायचो. ज्याचा दिवस, तो आदल्या रातच्या एस.टी.नं जाणार, खेळ बघून रातच्या एस.टी.नं परत. दोघं कायम वाटेवर, तिघं रानात. राहिलेल्यांनी गेलेल्याचं रान सांभाळायचं.

पहिल्या साली दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. पाचवा दिवस पलटणीतनं पेन्शनीत आलेल्या एकाला निघाला. त्याचं तोंड कडू झालं. "पाचव्या दिवशी काय राहतंय? उष्टी पत्रावळ," असं म्हणाला. मला त्याचा राग आला. मी माझी तिसऱ्या दिवसाची चिठ्ठी त्याच्या अंगावर टाकली आणि म्हणालो, "आन हिकडं. पाचवा माजा. आज न्हाई, कायमचा."

दोन कायदे झाले. पहिला: ज्यानं दिवस बघितला त्यानं तो बाकीच्यांना पुरता सांगायचा, पदरचं घालायचं नाही, बघितलेलं गाळायचं नाही. दुसरा: कुणी कुणाच्या दिवसावर बसायचं नाही, जसं कुणी कुणाच्या पाण्याच्या पाळीवर बसत नाही. सायकलवाल्यानं एकदा सांगितलं की षटकार थेट समुद्रात गेला. मिलिटरीवाल्यानं विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला हुता?" सायकलवाल्यानं नेमकी उलटी बाजू दाखवली. मग सगळा हंगाम त्याला 'समुद्र' म्हणूनच हाक पडली.

पहिला दिवस आण्णाचा. आण्णा म्हणजे माझा जिवाभावाचा दोस्त, सांगलीकडचा जैन. आजोळी वारस नव्हता म्हणून पोरवयात आमच्या गावी मामाची जमीन कसायला आला आणि आमच्याहून जास्त आमचा झाला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्याचा नेम कधी मोडला नाही. त्यामुळं खेळ थांबला, लोक उठले, की हा गडी जागेवरच फडकं सोडायचा आणि दशमी काढायचा. दुधात मळलेली दशमी, त्यावर शेंगदाण्याची चटणी. खाली लोंढा बाहेर पडतोय आणि हा वर बसून सावकाश खातोय.

गावी परत आला की आम्ही आधी धावा विचारायचो. तो आधी माणूस सांगायचा.

"दशमी संपली गड्यानू, पानी पिऊन झालं, फडकं झाडून झालं, तरी माणूस संपला न्हाई."

हे त्याचं माप. तिसरा घास झाला न् स्टँड मोकळा, असं त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. तो म्हणायचा, धावा रेडिओ सांगतो की, माणूस कोण सांगणार? इतकी माणसं एका जाग्यावर दिवसभर बसत्यात, कुणी कुणाचं काही लागत न्हाई, न् चेंडू पायाला लागला की सगळ्यांच्या नरड्यातनं एकच आवाज येतो, त्यो ऐकायला मी जातो. आवाज काढून दाखवायचा तो. मोटारीच्या खोलीत तो आवाज लय घुमायचा.

आणि माझा पाचवा. चौघांनी आणलेलं सगळं ऐकून मी निघायचो, त्यामुळं मैदानात शिरताना मला ते आपल्या रानासारखं वाटायचं. खेळपट्टी चैतातल्या काळ्या रानासारखी फाटलेली. गोलंदाजांच्या बुटांनी म्हशीच्या खुराएवढे खड्डे पाडलेले, आणि चेंडू त्या खड्ड्यातनं कुठं उडेल त्याला ठाऊक नाही, याला ठाऊक नाही. एका पाचव्या दिवशी आपली हार पक्की धरलेली. शेवटच्या जोडीतल्या एकाला बॅट कशी धरायची तेसुद्धा येत नव्हतं. पण तो उभा राहिला. अंगावर घेतले, छातीवर घेतले, बाहेरचे सोडले. सोडलेल्या चेंडूला टाळ्या पडतात हे मी त्या दिवशी बघितलं. धाव निघत नव्हती, आणि माझ्या शेजारचा गुजराती म्हातारा माझा गुडघा दाबून धरून बसला होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. सामना वाचला तेव्हा आम्ही दोघं मुक्यानंच गळ्यात पडलो.

ते मी गावात सांगितलं तेव्हा मिलिटरीवाल्यानं हात पुढं केला. मग म्हणाला, "माजी चिठ्ठी परत दे."

"मेलास तरी देनार न्हाई," मी म्हणालो.

तो मेला. मी चिठ्ठी दिली नव्हती.

सायकलवालाही गेला. उरलेला एक आमच्यातला सगळ्यात धाकटा. तो पोराकडं राहायला गेला आणि तिथं दिव्याखालचे वीस षटकांचे सामने बघायचा. फोन केला तर म्हणायचा, "लय मज्जा येती, तीन तासांत घरी." परवाच्या साली तोही गेला. आणि त्याच्याही कितीतरी आधी आमची सावड मोडली होती. भांडण झालं नाही, काही नाही. ठिबक आलं. दारं धरायला माणूस लागेना. आता माझा पोरगा साताऱ्यात बसून मोबाईलवरनं मोटार चालू करतो. कुणाला कुणाच्या रानात जायचं कारण राहिलं नाही.

लोक टी.व्ही.वर विचारतात, कसोटीला माणूस का येत नाही? कुणी म्हणतं ऊन लागतं, कुणी म्हणतं मैदान लांब, कुणी म्हणतं खेळ संथ. ऊन तेव्हाही होतं. मुंबई तर आम्हाला पुण्याहूनही लांब होती. आमच्याकडं तर मोकळा वेळ अजिबात नव्हता, पण चौघं मिळून पाचव्याला एक दिवस काढून द्यायचे. आता घरोघरी वेळ पडलाय आणि दिवस कुणाकडंच नाही. गावात टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, कर्ण्यावर बोलणारा असतो, माणूस मावत नाही. माणूस कमी झाला असं मी म्हणणार नाही. सबंध दिवस द्यायची सवय गेली. रिकाम्या खुर्च्या दाखवतात तेव्हा त्यातल्या पाच कुणाच्या ते मला ठाऊक आहे. त्या आमच्याच आहेत.

आण्णा म्हातारपणी पोराकडं सांगलीला गेला. तिथं बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, पायरीवरनं पडून त्याचा खुबा मोडला. नजर आधीच गेली होती. सामन्याच्या आठ दिवस आधी त्याचा फोन आला.

"पुन्याला टेस्ट हाय म्हनं."

"हाय. तिकीट काढलंय."

"कंच्या दिवसाचं?"

"ह्ये काय इचारतोस?"

तो हसला. मग म्हणाला, "गड्या, पहिला घे. पाचव्याचा काय नेम न्हाई आता. पहिला हातचा हाय. जा, बस, न् मला येऊन सांग. रेडिओवाली धावा सांगत्यात रं, माणूस सांगत न्हाईत."

"पहिला तुजा हाय."

"मी हातरुणाला खिळलोय. माजा दिवस तुला दिला."

"दिवस देता येत न्हाई."

"कोन म्हंतो?"

"आपुनच ठरीवलंय. मोटारीच्या खोलीत."

"ठरीवनारी पाच हुती. आता दोघं हाय. दोघं मिळून मोडू की."

"ती तिघं न्हाईत म्हनून मोडायचं व्हय? आसती तर बोलली आसती का न्हाई?"

"आसती तर त्यातला एक गेला आसता रं पहिल्याला." मग म्हणाला, "तू लय हट्टी हायस."

"आता कळलं?"

तो परत हसला, पण हसण्यात खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "मला एक डाव माणूस ऐकायचा हुता. बास. बघ तुज्या मनाला येतंय का."

माझ्या मनाला आलं नाही. मला वाटलं, मी त्याच्या जागेवर बसलो तर त्याचा दिवस संपला असं मीच कबूल केल्यासारखं होईल. तो अजून आहे, मग त्याचा दिवस त्याचा. त्या वेळी मला हे बरोबर वाटलं. मी माझ्या शब्दाला जागलो, असंही वाटलं.

पहिला दिवस उजाडला. नातीनं मोबाईल आणून दाखवला. मी बघत नाही म्हणालो तरी नजर गेलीच. नुसत्या खुर्च्या. रांगाच्या रांगा, उन्हात तापत पडलेल्या. कॅमेरावाल्याला एक बाई न् तिची दोन पोरं सापडली होती, त्यांनाच तो फिरून फिरून दाखवत होता.

संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत, आण्णाचा फोन आला. जेवण उरकून केला असणार.

"गेलतास का?"

"न्हाई."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सामना संपला. नात सांगायला आली. चेष्टा करायला तिचं तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडं बघून तिनं ते मिटलं. म्हणाली, "आबा, पैसे परत येतील."

पाचव्या दिवशी पहाटे मी उठलो, आंघोळ केली, धोतर नेसलो, फेटा बांधला. सून चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"मामंजी, तितं आता काय हाय?"

"माजं तिकीट हाय."

तिनं दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली.

मैदानाच्या फाटकावर एक परप्रांतीय पहारेकरी होता. त्यानं कागद उलटासुलटा केला, हिंदीत समजावलं, हात हलवून दाखवले. मी हललो नाही. मागनं लुनावरनं एक मध्यम वयाचा गडी आला, पायाला चिखल लागलेला. माझा फेटा बघून थांबला.

"गाव कंचं, आबा?"

"उंब्रज."

"मी मेढ्याचा. हितं मैदानावर आसतो. आवं, मॅच परवाच संपली."

"म्हाईत हाय. तिकीट आजचं हाय."

त्यानं कागद वाचला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं. "ह्ये बी खरंच हाय," म्हणाला, आणि पहारेकऱ्याला काहीतरी सांगून मला आत घेतलं. "छपराखाली बसा, उनाचं नगा."

"माजी जागा नंबरावर हाय."

"आबा, सगळं मैदान तुमचं हाय की आज!"

मी माझा नंबर शोधला. तो नेमका उन्हात निघाला. तिथंच बसलो.

दोन बाया स्टँड झाडत होत्या. खेळपट्टीवर मेढ्याचा गडी आणि त्याचा जोडीदार. बुटांचे खड्डे मातीनं भरायचे, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचे. मी उठून दोरीपर्यंत गेलो. त्यानं हातानं 'या' केलं, पण मी दोरीच्या आत पाऊल टाकलं नाही, प्रेक्षकाला ते काम नाही. तिथनंच भुई बघितली. फाटली नव्हती. एका टोकाला चार खड्डे, बाकी सगळी धड. दोन दिवस शिल्लक होते तिच्यात.

दुपारी तो घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, "पहिल्या दिवशी माणूस हुता का?"

"हुता की सकाळचा. शाळेची पोरं आनलीवती. दुपारनं उनानं उठला. आवं, वीस षटकाची आसली की हितं मुंगी शिरत न्हाई."

"खेळ कसा झाला पहिल्या दिवशी? बैजवार सांग. मला एकाला सांगायचाय."

तो ओशाळला. "आबा, आमी कुठं खेळ बघतो? आमचं ध्यान ढगाकडं न् ताडपत्रीकडं."

म्हणजे आमच्या बाजूनं पहिला दिवस कुणीच बघितलेला नव्हता.

खेळ थांबायच्या वेळेपर्यंत मी बसलो. मग जागेवरच फडकं सोडलं आणि दशमी खाल्ली. उन्हानं ती कडक झाली होती.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. पोचायला दुपार कलली. आण्णा खिडकीखालच्या पलंगावर होता. पूर्वी जोंधळ्याचं पोतं एका हातानं पाठीवर घ्यायचा, आता चादरीखाली माणूस आहे का नाही कळत नव्हतं.

"कोन?"

"पाचवा."

त्याचं तोंड फुललं. "मला ठावं हुतं तू जानार. संपली तरी जानार. बस. सांग."

मी फाटकापासनं सांगितलं. पदरचं घातलं नाही, गाळलं नाही. पहारेकरी सांगितला, मेढ्याचा सांगितला, उन्हातली खुर्ची सांगितली. तिथं तो इतका हसला की त्याची सून आतनं बघायला आली. धुमसाचा आवाज रिकाम्या स्टँडवर आपटून कसा माघारी यायचा ते मी तोंडानं काढून दाखवलं. त्याला आवाज लागतात.

"माणूस किती हुता?"

"चौघं. दोन बाया झाडाय, दोघं भुईवर."

"दशमी खाल्लीस तितं?"

"खाल्ली."

"संपली तवा कोन हुतं?"

"बाया हुत्या. झाडत हुत्या. मेढ्याचा पानी मारत हुता."

"मंग माणूस संपला न्हाई म्हन," असं म्हणून त्यानं मान उशीवर टेकली. मला बरं वाटलं. वाटलं, निभावलं.

त्यानं डोळे मिटले. झोप लागली असं समजून मी उठणार होतो.

"पहिला कसा झाला आसंल रं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. पाऊस पडला का, असं विचारावं तसं विचारलं. तोंड माझ्याकडंच करून ठेवलेलं, मी सांगेन म्हणून.

मी त्याचा दिवस राखला होता, आणि राखून राखून तो कुणीच बघितला नव्हता.

"म्हाईत न्हाई, आण्णा," मी म्हणालो.

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं होतं. सुनेनं त्याचं ताट आणलं, दिवस बुडायच्या आत. मला म्हणाली, "काका, तुमची गाडी चुकंल." मी मान हलवली आणि बसून राहिलो. तो सावकाश जेवतो, आता तर फारच सावकाश. एक एक घास चाचपून. शेवटचा घास झाला, पाणी पिऊन झालं, तिनं फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. तोवर मी जागचा उठलो नाही.